दुपारची बस नको

रिपाल्बा,
१४ फेब्रुवारी १९९९

प्रिय मारिलेना,

तुला आणि जावई ओरासियोला माझे आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी पोचलं. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. बर्फ यंदा कमीच पडलं, पण वारा असा सुटलाय की चर्चमागच्या गल्लीत भिंत धरून चालावं लागतं. तुझी आई ठीक आहे. जेवतेखाते.

तुम्ही मे महिन्यात येणार हे वाचलं, पत्र खिशात घातलं आणि चौकात दोन चकरा मारल्या. जेरार्दोने बसमधून डोकं बाहेर काढून विचारलं, "काय रोक्कोकाका, लॉटरी लागली का?" म्हटलं, "तसंच समज." आठवतोय ना जेरार्दो? माझ्या हाताखाली शिकला. आता माझ्याच बसवर आहे आणि माझ्यासारखाच वळणावर उगाच हॉर्न वाजवतो.

तू लिहितेस, "बाबा, ट्रेनने फिरू, बसने फिरू की गाडी भाड्याने घेऊ? तुमचा जन्म रस्त्यावर गेला, तुम्हीच आखून द्या." मग काय, पोतेन्झाला जाऊन नकाशा आणला, रेल्वेचं वेळापत्रक आणलं आणि आज जेवणाच्या टेबलावर सगळा देश पसरून बसलो. तुझ्या आईने फ्लोरेन्सवर घेवड्याचं भांडं आणून ठेवलं. डाग पडलाय, पण रस्ते दिसतात.

तर ऐक. रोमला उतराल तेव्हा गाडीचं नाव काढू नका. ओरासियोला रोममध्ये गाडी चालवायची हौस असेल तर त्याला घरीच ठेवून ये. रोम पायी बघायचं, पाय दुखले की ट्राम. तिथून ट्रेनने फ्लोरेन्स, पुढे ट्रेननेच व्हेनिस. ट्रेनमध्ये चढण्याआधी फलाटावरच्या पिवळ्या यंत्रात तिकीट घालून शिक्का मारून घ्यायचा, विसरू नका. तिकीट हातात असूनही दंड भरणारे परदेशी मी पाहिलेत. शुक्रवारी लांबचा प्रवास ठेवू नका, आपल्या लोकांना संप शुक्रवारीच सुचतो. ओरासियोच्या पणजोबांचं गाव व्हेनिसच्या वर आहे, तिथे लोकल बस जाते. तिकीट बसमध्ये मिळत नाही, तंबाखूच्या दुकानात घ्यायचं आणि दुकान दुपारी बंद. रविवारी तर बसच नाही.

मग खाली या. नेपल्सवरून पुढे सालेर्नोपर्यंत ट्रेन. आणि सालेर्नोला मात्र गाडी घ्या. लहान घ्या. शहराच्या जुन्या भागात घुसवू नका, बाहेरच्या गाड्यांना मनाई असते, दंडाची चिठ्ठी समुद्र ओलांडून घरी येते. सालेर्नोहून निघायचं ते पहाटे, म्हणजे सकाळीच इथे पोचाल. आणि चौकातून येऊ नका, गाडी लावायला जागा नसते. दफनभूमीकडून वरचा रस्ता आहे ना, त्याने या. थेट आपल्या दारात.

ओरासियोला सांग, त्याचा तो नळीने ओढून प्यायचा कडू पाला इथे मिळत नाही, बरोबर आणावा लागेल.

तुझा,
बाबा

•

रिपाल्बा,
१९ मार्च १९९९

प्रिय मारिलेना,

आशीर्वाद. आज संत जोसेफचा दिवस. चौकात रात्री शेकोटी होईल, पोरांनी आत्तापासून कुठकुठून लाकडं ओढून आणलीत. मी इथे कॉफीच्या दुकानात बसून लिहितोय. घरी टेबल रिकामं नव्हतं.

मला वाटलंच होतं तू हसशील. "जन्मभर मोटारगाड्यांना पत्र्याचे डबे म्हणणारा माझा बाप मला डबा घ्यायला सांगतोय," असं तू लिहिलंस ते मी जेरार्दोला वाचून दाखवलं. तो हसला आणि मग बसचं दार पुसायला लागला.

हे बघ, गाडी बरी. बस आता पूर्वीची राहिली नाही. सीट फाटल्यात, डिझेलचा वास येतो. लहानपणी तू माझ्या मागच्या सीटवर बसायचीस आणि वळण आलं की माझ्याबरोबर तूही वळायचीस, ते मला चांगलं आठवतं. पण ती बस भंगारात गेली. जेरार्दो वेगात चालवतो. वेळाही बदलल्यात. बस कधी येते, कधी येतच नाही. ओरासियोला घाटातल्या वळणांची भीती वाटते म्हणतेस. तर हळू चालवा, कोण मागे लागलंय?

आणि समजा गाडी नकोच असेल, तर एक वेगळं सुचतं. इतक्या लांब डोंगरात यायलाच हवं असं कुठे आहे? तुमचे तीन आठवडे, त्यात रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, सगळी धावपळ. मीच सालेर्नोला येतो. समुद्राकाठी बसू, मासे खाऊ, बोलू. मला फुकटचा पास आहे. आईला प्रवास झेपत नाही, तिचं मी सांगेन तुला.

आई फोनवर का येत नाही असं विचारलंस. तिला कमी ऐकू येतं आजकाल. फोनवर आणखीच. एरवी तब्येत छान आहे, डॉक्टर म्हणाले हृदय तर पोरीसारखं आहे.

व्हेनिसला मुक्काम शहरात करू नका, अलीकडच्या स्टेशनवर स्वस्त पडतं. ट्रेनने दहा मिनिटं.

बाबा

•

रिपाल्बा,
१७ एप्रिल १९९९

माझी लेक मारिलेना,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा नाही वाचवलं. "मी घरी यायला नको आहे का तुम्हाला? आई अजून माझ्याशी बोलायला तयार नाही का?" एवढंच लिहून तू खाली नुसती सही केलीस.

बाळा, तसं नाही. तसं असतं तर ते मला सांगता आलं असतं. सालेर्नोचं मी लिहायला नको होतं. लिहिताना मला वाटत होतं की मी तुझ्यासाठी सोय बघतोय.

फोन स्वयंपाकघरात आहे आणि ती कायम तिथेच असते, म्हणून हे मी फोनवर बोलत नाही. तिला ऐकू सगळं येतं. आता सांगतो.

गेल्या उन्हाळ्यापासून ती विसरायला लागली. आधी चूल बंद करायला, मग शेजारणीचं नाव, मग वार. ऑक्टोबरात एका दुपारी ती घरात नव्हती. गल्ली धुंडाळत चौकात आलो तर ती बसथांब्यावर उभी. एप्रन काढलेला, केस विंचरलेले, रविवारचा निळा कोट घातलेला. मी म्हटलं, "आसुंता, इथे काय करतेस?" ती म्हणाली, "हळू बोल, लोक बघतात. कानियो यायचाय ना दुपारच्या बसने."

तुझ्या भावाचं तुला फोनवर मी सहा वर्षांपूर्वी सगळं सांगितलं नव्हतं, आणि तूही विचारलं नव्हतंस. कानियोचा फोन आला होता तो सोमवारी. म्हणाला, ईस्टरला येतोय, शनिवारी दुपारच्या बसने, आईला सांगा मिरच्या तळून ठेव. त्या शनिवारी ती बस मीच चालवणार होतो. पोतेन्झाच्या स्टेशनवर तो चढला असता आणि मी त्याला म्हटलं असतं, तिकीट काढ, बापाची गाडी आहे म्हणून फुकट नाही. गुरुवारी बांधकामावर परांचीची फळी सुटली. बोलोन्याहून त्याला आणलं ते शनिवारी सकाळी, वरच्या रस्त्याने, दफनभूमीकडून. चौकात तो आलाच नाही. दुपारी घरात बायका बसल्या होत्या आणि खालून बसचा हॉर्न ऐकू आला. तुझी आई उठली. बायकांनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

आता धरून बसवायला कोणी नाही. ती रोज उठते.

सुरुवातीला मी तिला सांगायचो, अगं तो गेला. मी तीन वेळा सांगितलं असेल. तिन्ही वेळा तिने ते पहिल्यांदाच ऐकलं. तुला समजतंय ना मी काय म्हणतोय? तिसऱ्या खेपेनंतर मी सांगणं सोडलं. जेरार्दो आपण होऊन म्हणायला लागला, "आज नाही आला मावशी. गर्दी होती. उद्या येईल." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आता तो कधी सुट्टीवर गेला की मी बसच्या आधीच थांब्यावर जाऊन उभा राहतो, बदली ड्रायव्हर काय बोलेल म्हणून.

डिसेंबरात एक माणूस बसमधून उतरला. रस्त्याची मोजणी करायला आलेला, तिशीचा असेल, हातात बॅग. तुझ्या आईने त्याच्या दोन्ही बाह्या पकडल्या. म्हणाली, "किती वाळलास रे." मी धावलो, पण तोवर तिने त्याची बॅग उचलली होती आणि ती चढ चढायला लागली होती. तो माझ्याकडे बघत राहिला.  मग तो तिच्या मागोमाग घरी आला. तिने घेवडा वाढला, सॉसेज वाढलं, मिरच्या तळल्या. तो जेवला. ती म्हणाली, "तिकडे जेवतोस की नाही वेळेवर?" तो म्हणाला, "जेवतो, आई." दाराशी निरोप देताना मी माफी मागायला लागलो तर त्याने मला थांबवलं. विचारलं, "त्याचं नाव काय होतं? आणि तो काम काय करायचा? उद्या भेटल्या आणि विचारलं तर मला सांगता यायला पाहिजे." आठवडाभर तो इथे होता, दोनदा येऊन जेवून गेला. तो गेल्यावर ती काही दिवस शांत होती. मुलगा येऊन कामावर परत गेला होता. मग पुन्हा निळा कोट.

आता तुला मुद्द्याचं सांगतो, म्हणजे तुला कळेल माझ्या मनात दुपारची बस का नको होती.

बसमधून बायका उतरतात त्यांच्याकडे ती बघत नाही. एकीकडेही नाही. तिची बहीण वेनोझाहून आली होती जानेवारीत, तिला हाताने बाजूला सारून ही बसच्या दारात डोकावत होती. तू इतक्या वर्षांनी त्या पायरीवरून उतरशील आणि ती तुझ्या खांद्यावरून मागे बघेल, मागून कोण उतरतंय म्हणून. मला ते बघवलं नसतं. कानियो गेला तेव्हा तू येते म्हणालीस आणि तिने फोनवर तुला जे म्हटलं, "आता नको येऊस, आता कोणासाठी येतेस," ते मला माहीत आहे. मी शेजारीच उभा होतो. दुःखात माणूस बोलतो, पण ते वाक्य घेऊन तू तिकडे सहा वर्षं बसलीस, तेही मला माहीत आहे. म्हणून वाटलं, सकाळच्या वेळी या, वरच्या रस्त्याने या. सकाळी ती बरी असते. घरात, चुलीपाशी, एका वेळी एकच माणूस समोर असलं तर कदाचित ओळखेल. ओळखेलच असं मी म्हणत नाही.

सगळं लिहिलं. आता तू ठरव. गाडी, बस, ट्रेन, काहीही. नाही आलीस तरी मी समजेन.

तुझा,
बाबा

•

रिपाल्बा,
२० जून १९९९

माझी मारिलेना,

तुम्ही सुखरूप पोचलात, तार मिळाली. ओरासियोला व्हेनिस दाखवायचं राहूनच गेलं, याची मला रुखरुख आहे. इतकं आखलं होतं. फ्लोरेन्स नाही, व्हेनिस नाही, पणजोबांचं गाव नाही. रोमच्या विमानतळावरून थेट पोतेन्झा, तेही भर शुक्रवारी. पण त्याने तोंडातून एक शब्द काढला नाही. रोज सकाळी तुझ्या आईबरोबर शेंगा सोलत बसला. आपला जावई चांगला आहे, मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलं नाही म्हणून इथे लिहितो.

तू विचारतेस, तुम्ही गेल्यावर आई कशी आहे. सांगतो. पण त्याआधी एक सांगायचं राहिलंय. ज्या दुपारी तू आलीस तेव्हा मी पुढे आलो नाही. तुला वाटलं असेल, म्हातारा रागावला, सांगूनही ऐकलं नाही म्हणून. तसं नव्हतं. मी कॉफीच्या दुकानाच्या दारात उभा होतो आणि माझे पाय हलेनात.

तू उतरलीस. केस पांढरे झालेत गं तुझे, मला कोणी सांगितलं नव्हतं. ती तुझ्यासमोर हातभर अंतरावर होती आणि तिने मान तिरकी करून तुझ्या मागे बघितलं. नेमकं तसंच झालं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा वाटलं होतं तू तिला मिठी मारली असशील, नाहीतर रडत असशील. पण तू वळून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिलीस आणि ती बघत होती तिकडेच बघायला लागलीस, बसच्या दाराकडे. दोघी तशाच. फादर उतरले, औषधाच्या दुकानातली पोरगी उतरली, ओरासियो पेट्या घेऊन उतरला आणि शहाण्यासारखा लांब थांबला. शेवटी जेरार्दोने दार लावलं.

मग ती तुला म्हणाली, "तुमचंही कोणी यायचं होतं का?"

तू म्हणालीस, "हो. माझा भाऊ."

ती म्हणाली, "येईल हो उद्या. गर्दी असते. चला, घरी चला, काहीतरी खाऊन घ्या. उपाशी उभ्या राहू नका."

आणि तुझा हात धरून तिने तुला घरी नेलं.

जेरार्दो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता, ते तू पाहिलं नाहीस. त्या दिवशी पुढच्या गावाला बस उशिरा गेली आणि कोणीही तक्रार केली नाही.

पुढचं तुला ठाऊकच आहे. रोज दुपारी तुम्ही दोघी खाली जायचात, दोघी परत यायचात. तिने तुला कधी नावाने हाक मारली नाही, "बाई" म्हणत राहिली, "या बाईंना मिरच्या वाढ" म्हणत राहिली. एका रात्री ओट्यापाशी तू मला म्हणालीस, "बाबा, आयुष्यात पहिल्यांदा आई आणि मी कशासाठी तरी एकत्र थांबलोय." तेव्हा मी भांडं पुसत राहिलो.  

तुम्ही सकाळच्या बसने गेलात. ती खिडकीशी होती, तिने हात हलवला, मग विचारलं, "कोण होती गं बाई ती, चांगली होती." बाई म्हणून माझ्याशीच बोलली, तिला वाटलं मी शेजारीण आहे.

त्या दुपारी निळा कोट घालून ती निघाली. मी बरोबर गेलो. बस आली, दार उघडलं. पोरं उतरली, बाप्ये उतरले, तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. मागून दोन बायका उतरल्या, त्यांच्या चेहऱ्याकडे मात्र नीट निरखून बघितलं. बस रिकामी झाली तेव्हा तिने जेरार्दोला विचारलं, "ती मुलगी नाही आली का? जिचा भाऊ यायचाय ती?"

जेरार्दोने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "आज नाही मावशी. लांबून यायचं असतं त्यांना."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. आज रविवार, बस नाही, तरी दुपारभर दारात उभी होती. कानियोचं नाव तिने तुम्ही गेल्यापासून काढलेलं नाही. मी मुद्दाम मिरच्या तळल्या आणि म्हटलं, कानियोला आवडतात. ती म्हणाली, "कोणाला?"

मारिलेना, ती तुझी वाट बघते. तुझं नाव तिला माहीत नाही, तू तिची कोण ते माहीत नाही, पण त्या दारातून तू उतरावीस म्हणून ती केस विंचरते. तुला हे कळायला हवं असं मला वाटलं. त्या फोनवरच्या वाक्याचं उत्तर म्हणून नाही. नुसतं कळायला हवं म्हणून.

आता माझं सांगतो आणि पुरं करतो. ऑक्टोबरापासून मी प्रार्थना करत होतो की तिने त्याची वाट बघणं थांबवावं. ते थांबलं. आणि परवा मी थांब्यावर तिच्या शेजारी उभा होतो, ती बायकांचे चेहरे बघत होती, आणि माझ्या लक्षात आलं की मी उतरणाऱ्या पोरांकडे बघतोय. एकेकाकडे. शेवटचा उतरेपर्यंत. या गावात त्याची वाट बघणारं कोणीतरी हवं ना, लेकी.

पुन्हा कधी यायचं झालं तर गाडी घेऊ नका. वरचा रस्ता नको. पोतेन्झाहून दुपारची बस घ्या, आम्ही दोघं खाली चौकात असतो.

थांब्यावरचा,
तुम्हा दोघा भावंडांचा बाबा